विद्युत्प्रवाहाचा माग

मोटारगाडी सुरू करणे हे काम ज्या काळी निव्वळ मनगटाचे होते, त्या काळी गाडीच्या पुढल्या अंगास लोखंडी हँडल खोचून ते सर्व बळ एकवटून फिरविणाऱ्या माणसाला इंजिनाचा प्रत्येक हिसका हातालाच कळत असे. आणि ठिणगी वेळेपूर्वी पडली, तर तेच हँडल उलट फिरून त्याचा हात मोडीत असे. ठिणगीसाठी बहुतेक गाड्यांत मॅग्नेटो नावाचे यंत्र असे. बॉश यांच्या कारखान्यात 1902 च्या सुमारास गोटलोब होनोल्ड याने त्याला उच्च दाबाचे, भरवशाचे रूप दिले. इंजिन फिरेल तितकीच वीज ते उत्पन्न करी. त्यामुळे त्या गाडीला विजेची शिल्लक राखण्याचे प्रयोजनच नव्हते.

ही व्यवस्था पालटली ती अमेरिकेतील डेटन शहरी. तेथील चार्ल्स केटरिंग याने पूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठी लहानशी विद्युत् मोटर रचली होती. इंजिन फिरविण्याजोगी मोटर इंजिनाएवढीच अवजड होईल, असा जाणत्यांचा समज असताना, क्षणभरच राबायचे असलेल्या मोटरीवर तिच्या नित्याच्या शक्तीहून कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्याने त्या गल्ल्यावरून ओळखले. आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत इंजिन फिरविणारा विजेचा ‘सेल्फ’ अवतरला. बॅटरी हा खजिना, डायनॅमो ही जमा, आणि सेल्फ, दिवे व ठिणगी हा खर्च, असा एक छोटेखानी दरबारच तेव्हापासून हळूहळू गाड्यांत भरू लागला. हाताला इजा होण्याचे भय गेले. परंतु दोष मात्र तांब्याच्या तारांत शिरून अदृश्य झाला, आणि त्याचा माग काढणाऱ्या एका नव्या कारागिराची गरज उत्पन्न झाली.

आपल्याकडे हा कारागीर ‘वायरमन’ म्हणून ओळखला गेला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या, उत्तरपाड्याहून अँबॅसिडर येऊ लागली, तसतसे या कारागिराचे महत्त्व वाढत गेले. पक्कड, काही पाने आणि दोन तारा जोडलेला एक लहान दिवा एवढ्या सरंजामावर तो जो तपास करी, त्याचा क्रम एखाद्या निष्णात अंमलदाराला शोभावा असा होता. गाडीचे पुढचे दिवे लावून तो सेल्फ मारावयास सांगे. दिवे मंदावले तर बॅटरी उतरली असावी. एकदम विझले तर तिच्या टर्मिनलची पकड सैल. आणि दिवे लख्ख असूनही सेल्फ मुका राहिला, तर प्रवाह वाटेतच, स्विच अथवा सोलेनॉइडपाशी, अडला असावा, असा निवाडा तो बॉनेट उघडण्यापूर्वीच करून ठेवी.

टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवट थर अनभिज्ञाला क्षुल्लक वाटतो. पण सेल्फ दीडशे अँपियर प्रवाह ओढीत असता, एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका अडथळाही दीड व्होल्ट गिळून टाकतो, आणि बारा व्होल्टांच्या खजिन्याला ही तूट सोसत नाही. म्हणून जाणता कारागीर नवी बॅटरी सुचविण्याआधी गरम पाण्याने टर्मिनल धुवून, घासून, आवळून पाही. त्याहूनही सूक्ष्म बाब ‘अर्थ’ची. प्रवाह तारेने जातो, पण परततो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. त्या जोडाच्या बोल्टखाली गंज धरला, की उत्तम बॅटरी व उत्तम सेल्फ असूनही गाडी निश्चल राहते. जाण्याची वाट सारेच तपासतात. परतीची वाट ज्याला आठवे, त्याला हाताखाली शिकणारे उमेदवार ‘उस्ताद’ म्हणत.

आज गाडीतील संगणक दोषांचे क्रमांक दाखवितो. तो क्रमांक म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे. कारण बॅटरीचा दाब उतरला की संगणकही भलभलत्या जागी दोष दाखवू लागतो. तेव्हा खजिन्यापासून निघून, प्रत्येक जोडावर थांबत, परतीच्या वाटेने पुन्हा खजिन्याशी येण्याचा त्या जुन्या वायरमनचा दस्तूर कालबाह्य झालेला नाही. ग्रंथांत न लिहिलेली ही विद्या त्याने तारा हाताळीत उमेदवारांच्या हाती दिली; तिची नोंद आपल्या उद्योगांच्या इतिहासात आदराने झाली पाहिजे.