भूमीतील धन आणि कागदावरील भाग

सौंसरजवळील जामसांवली येथे पिंपळाच्या छायेत मारुतिरायाची मूर्ती निद्रिस्त अवस्थेत आहे. भाविक त्याची कथा अशी सांगतात की, मूर्ती पूर्वी उभीच होती. तिच्याखालचे गुप्तधन काढण्याच्या लोभाने चोरांनी ती हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या धनाच्या रक्षणार्थ देव तेथेच आडवा झाला. कथेची छाननी करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु दर्शन घेऊन परतताना एक प्रश्न मनात घोळत राहतो : भूमीतील धन कोणाचे? आणि या परिसरात तो केवळ कथेपुरता राहिलेला नाही.

कारण येथील भूमीत धन खरोखरच होते. ज्या खडकांत मँगनीज सापडते त्या खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी सौंसरचेच नाव दिले आहे. हा पट्टा सौंसरपासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत पसरलेला आहे. पोलादाच्या कारखान्यांस या धातूवाचून चालत नाही. १८९६ साली या प्रदेशात खनिजांच्या शोधासाठी एक इंग्रज मंडळी स्थापन झाली व पुढे तिची ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. कंपनीची नोंदणी विलायतेत होती. खणणारा मजूर येथला, खनिज येथले. परंतु त्या खाणींचा नफा ज्यांच्या नावे वाटला जाई ते भागधारक समुद्रापलीकडचे होते. ज्याने खाण कधी पाहिली नाही तो तिच्या नफ्याचा वाटेकरी कसा होतो, याचे उत्तर ‘भाग’ अथवा ‘शेअर’ या कागदात आहे.

हा कागद मध्य प्रांतास अगदीच अपरिचित होता असे नव्हे. सौंसर आणि नागपूर ही १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. त्या नागपुरात १८७४ साली जमशेटजी टाटांनी पंधरा लक्ष रुपयांच्या भांडवलाची कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती. ती मातीने भरून काढावी लागली. टाटांच्या चरित्रात एका सावकाराची गोष्ट येते. जमिनीत सोने पुरण्याचा हा उद्योग आहे असे म्हणून त्याने पैसे देण्याचे नाकारले. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्यानेच कबूल केले की, या माणसाने मातीत माती घातली आणि सोने काढले. सावकाराचे पहिले बोलणे आम्हांस हास्यास्पद वाटत नाही. त्याला तारण ठेवून कर्ज देणे ठाऊक होते. धनको आपले मुद्दल परत मागू शकतो. भागधारकास कंपनीकडे तसे मागता येत नाही. त्याला आपला भाग दुसऱ्या कोणास विकावा लागतो, आणि तोही त्या वेळी जी किंमत येईल त्या किमतीस.

मग भाग घेणारा नेमके कशाचा मालक होतो? देवस्थानाच्या व्यवहाराशी परिचय असलेल्या आमच्या वाचकांस हे समजणे अवघड नाही. देवाच्या नावे असलेली जमीन पुजाऱ्याची नसते, विश्वस्तांची नसते, महाजनांचीही नसते. ती देवाची असते. हिंदूंची देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय, हे प्रिव्ही कौन्सिलनेही १९२५ साली मान्य केले. कंपनीचे तसेच आहे. तीही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे, आणि खाण, यंत्रे, इमारत ही सर्व तिच्या मालकीची असतात. श्रीमती बाचा गझदर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हेच सांगितले. चहाच्या कंपनीचे साठ टक्के उत्पन्न शेतीचे म्हणून प्राप्तिकरातून मुक्त होते. तेव्हा आपल्या लाभांशाचाही तेवढा हिस्सा करमुक्त असावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले. मळा कंपनीचा आहे. भागधारकाला मिळणारा लाभांश कंपनीशी असलेल्या नात्यातून येतो, जमिनीतून नव्हे.

येथे साम्य संपते. देवस्थानाचा महाजन आपले नाते बाजारात विकू शकत नाही. भागधारक विकू शकतो. त्याला सभेत मत देता येते, जाहीर झालेला लाभांश घेता येतो, आणि कंपनी बुडाली तरी भागाची रक्कम पूर्ण भरलेली असल्यास घरादारावर जप्ती येत नाही. परंतु कंपनीचा कारभार गुंडाळला गेला तर सर्व धनकोंची देणी भागल्यावर उरेल तेच त्याचे. पंगतीत तो शेवटच्या पानावर बसलेला असतो.

सौंसर पट्ट्यातील खाणींच्या भागांचा इतिहासही यानंतर पालटला. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलातील एक्कावन्न टक्के केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन राज्ये यांजकडे आले, एकोणपन्नास टक्के जुन्या इंग्रज कंपनीकडे राहिले. १९७७ मध्ये तेही सरकारने घेतले. पुढे डिसेंबर २०१० मध्ये, आता मॉयल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे वीस टक्के भाग जनतेस विकण्यात आले. दहा रुपये दर्शनी किमतीचा भाग तीनशे पंचाहत्तर रुपयांस गेला. ही रक्कम भाग विकणाऱ्या सरकारांना मिळाली, कंपनीच्या तिजोरीत गेली नाही. ‘मी पैसे दिले म्हणून खाण वाढली’ असे त्या खरेदीदारास म्हणता येणार नाही. त्याने विक्रेत्याची जागा घेतली, एवढेच.

तरीही एक गोष्ट घडली. एकेकाळी विलायतेतील भागधारकांचा असलेला हक्क आता सौंसरच्या शेतकऱ्यास वा नागपूरच्या कारकुनास विकत घेता येतो. यात आम्हांस समाधान वाटते. त्याबरोबर थोडी काळजीही वाटते. आज अनेक घरांतील तरुण सकाळी भाव पाहतात आणि दुपारी भाग विकतात; ज्या कंपनीचे ते काही तास मालक होते तिचा ताळेबंद त्यांनी उघडलेला नसतो. एम्प्रेस मिलची गोष्ट त्यांनी पुरी ऐकावी. मातीतून सोने काढणारी ती गिरणी १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. कागदावरचा भाग कायम राहतो, पण त्यामागचा उद्योग राहीलच असे नाही.

जामसांवलीच्या कथेतील चोरांना धन हवे होते, त्याची राखण नको होती. भाग घेणाऱ्याने निदान एवढे तरी करावे : वार्षिक अहवाल वाचावा, सभेची सूचना रद्दीत टाकू नये, आपले मत वापरावे आणि खाणीत उतरणाऱ्यांची व्यवस्था कशी आहे हे विचारावे. हक्क अल्प असला तरी तो विचारण्याचा आहे.