पायाच्या मापाचा जोडा



‘पायाची वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण ठसक्याची खरी, परंतु तिच्यात एक हेटाळणी आहे. वहाण हलकी, ती शिवणारा हलका आणि ज्यात ती घालायची तो पायही हलका, असेच जणू आपण ठरवून टाकले. एकेकाळी गावोगाव अशी रीत होती, की चामड्याचे काम करणाऱ्या माणसाने स्वतः शिवलेला जोडादेखील वरच्या आळीतून जाताना पायातून काढून हातात धरावा. जोडा कोणी घालायचा हे जात ठरवी आणि कोणता घालायचा हे प्रतिष्ठा ठरवी. पायाला काय हवे, हे विचारायला मात्र कोणी गेले नाही. हा प्रश्न जगात कोणी, कधी आणि का विचारला, त्याची हकीकत आज सांगायची आहे. शेतात, रानात, डोंगरात हिंडणाऱ्या माणसाला बूट निवडताना ती उपयोगी पडेल.

प्रथम माझीच फजिती सांगतो. कॉलेजात असताना आम्ही मित्र हरिश्चंद्रगडाला निघालो. त्यासाठी मी नवे बूट घेतले, तेही सकाळी, दुकानातल्या बाकावर बसून. जरा घट्ट वाटत होते. दुकानदार म्हणाला, “वापरले की सैल होतील.” गड चढताना काही जाणवले नाही, उतरताना मात्र दर पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटू लागला. शेवटची वाट मी बूट गळ्यात अडकवून अनवाणीच उतरलो. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती. पायथ्याला एक म्हातारबाबा बसले होते. ते म्हणाले, “पोरा, गळ्यात घालायला एवढे पैसे कशाला घातलेस?” त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

युरोपातले लोक या बाबतीत आपल्याहून शहाणे होते, असे मात्र समजू नका. तिकडे १६०० च्या सुमारास उंच टाचांचे जोडे आले आणि त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे डावा जोडा आणि उजवा जोडा एकसारखाच करीत. ज्या लाकडी साच्यावर जोडा चढवून शिवतात, त्याला आपल्याकडे कलबूत किंवा फर्मा म्हणतात. टाचेच्या जोड्यासाठी डावा-उजवा असे दोन फर्मे कोरणे खर्चाचे होते. म्हणून फर्मा एक आणि पाय दोन! जोडा सरळ, पाय वाकडा. तेव्हा पायानेच सरळ व्हावे, असा तो न्याय होता.

१७८१ साली पेत्रुस काम्पर नावाच्या एका डच शरीरशास्त्रज्ञाने जोड्याच्या योग्य आकारावर एक पुस्तिका लिहिली. त्याची तक्रार मोठी मार्मिक होती. घोड्याच्या आणि बैलाच्या खुरांची माणूस इतकी काळजी घेतो, मग स्वतःच्या पायांचीच हयगय का करतो, असे त्याचे म्हणणे. शेतकरी मंडळींना हे लगेच पटेल. बैलाला पत्री मारताना आपण आधी खूर पाहतो, तासतो आणि मगच पत्री ठोकतो. पत्रीच्या मापाचा खूर कधी कोणी केला आहे का? आपल्या पायांवर मात्र आपण नेमके तेच करतो.

पुढे यंत्राने थोडी मदत केली. १८२० च्या सुमारास टॉमस ब्लँचर्ड या अमेरिकन कारागिराने बंदुकीचे वेडेवाकडे दस्ते कोरणारे यंत्र बनवले. त्याच यंत्रावर जोड्याचे फर्मेही निघू लागले आणि डावा-उजवा असा भेद स्वस्तात साधला. तरी पायाचे माप नीट घ्यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. ते घेतले सैन्याने. कारण उघड आहे. ज्याचे पाय फोडांनी भरले आहेत तो शिपाई चालू शकत नाही, आणि ज्या फौजेला चालता येत नाही ती लढण्याआधीच हरलेली असते.

एडवर्ड मन्सन हा अमेरिकेच्या सैन्यातला डॉक्टर. त्याच्या मंडळाने चार वर्षे खपून सुमारे २,००० शिपायांचे पाय तपासले आणि १९१२ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून जो फर्मा निघाला त्याची आतली कड सरळ होती, म्हणजे अंगठा आत दाबला जात नसे. आणि पुढचा भाग रुंद होता, म्हणजे बोटे मोकळी पसरत. परंतु फर्म्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे त्याची माप घेण्याची रीत. शिपायाला बसवून नव्हे, तर उभे करून माप घ्यायचे. पाठीवर ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोंचे ओझे द्यायचे आणि सगळा भार एका पायावर टाकायला सांगायचे. ओझ्याखाली पाय पसरतो आणि लांबतो. त्या पसरलेल्या पायापुढे बुटात दोन-तृतीयांश इंच जागा उरली पाहिजे, असा दंडक होता. दोन-तृतीयांश इंच म्हणजे अदमासे अंगठ्याची रुंदी.

नवा बूट पायाला वळवण्याची त्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. बूट घालून शिपायाने अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहायचे आणि मग तासभर सपाटीवर चालत तो पायातच वाळू द्यायचा. कातडे पायाचा आकार धरते. हा प्रयोग शिवलेल्या कातडी बुटाचा, बरं का. हल्लीच्या चिकटवलेल्या बुटांवर तो करू नका. ते घरात दोनचार दिवस घालून हिंडावे, तेवढे पुरे.

माप झाले, आता तळव्याकडे वळू. १९३५ साली इटलीतल्या आल्प्स पर्वतात पुंता रासिका नावाच्या सुळक्यावर सहा गिर्यारोहक मरण पावले. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट घालीत आणि कातळ चढताना ते खाली ठेवून मऊ तळाचे हलके जोडे घालीत. वर अचानक हिमवादळ आले. त्या हलक्या जोड्यांना ना थंडी अडवता येई, ना ओल्या कातळावर पकड धरता येई. विताले ब्रामानी हा या लोकांचा सोबती. त्याने एकच बूट दोन्ही कामे कशी करील याचा ध्यास घेतला आणि १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच्याच नावावरून त्या तळाला ‘विब्रम’ म्हणतात. १९५४ साली इटालियन तुकडी के-२ शिखरावर प्रथम पोहोचली ती हाच तळ लावून. आज तुम्ही कोणताही डोंगरी बूट उलटा करून पाहा, त्यावर त्या खाचांची नक्कल दिसेल. खाचा खोल असाव्यात आणि रबर नखाने दाबले तर किंचित दबावे. दगडासारखे कडक रबर पावसाळी कातळावर घसरते.

आपल्याकडची कोल्हापुरी वहाणही शहाणपणात कमी नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळ्याचे नाव नाही. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात बोटे मोकळी राहतात, उन्हाळ्यात पाय शिजत नाही. कोरड्या वाटेला ती उत्तम. परंतु ती चहूकडून उघडी आहे, आणि गवतात, बांधावर, चिखलात उघडा पाय हा धोका आहे.

हा धोका किती मोठा, ते ऐका. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-लावणीच्या दिवसांतले. पुष्कळदा साप चावतो तो पायालाच. कोकणात भाताच्या खाचरात पायाच्या जखमेतून लेप्टोचे जंतू शिरतात, ते वेगळेच. घोट्याच्या वर येणारा बूट ही शेतकऱ्याची चैन नव्हे, ते त्याचे चिलखत आहे. खुद्द रबरी गमबुटाचा इतिहासही हेच सांगतो. १८५३ साली हायरम हचिन्सन या अमेरिकनाने फ्रान्समध्ये त्याचा कारखाना काढला, तो लाकडी खडावा घालून ओल्या शेतात राबणारे शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, त्याचे काय?” खरे आहे. शिवाय लावणीला वाकलेल्या असतात त्या बायका, आणि त्यांच्या मापाचा गमबूट मागितला तर दुकानदार पुष्कळदा पोरांचा काढून देतो. इथेच आपला इतिहास अपुरा राहिला आहे. मन्सनने शिपायाचे पाय मोजले, लावणीवालीचे कोणी मोजले नाहीत. आपण आजवर जे आकडे पाहून बूट घेत आलो, ते मुळात इंग्रजांच्या पायांचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक माणसांचे पाय मोजवले. आपले पाय पुढच्या बाजूला युरोपीय पायांहून रुंद असतात, असे त्यातून दिसले आणि ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवण्यात आली. सुरुवात चांगली झाली आहे. ते माप तालुक्याच्या बाजारापर्यंत आणि लावणीवालीच्या पायापर्यंत पोहोचले पाहिजे.

तोवर आपण आपल्या हाताने काय करावे? शिक्षक मित्रांनी एखाद्या शनिवारी मुलांना कागदावर उभे करून पेन्सिलीने त्यांच्या पावलांची रेघ काढायला लावावी आणि मग त्यावर त्यांचाच बूट ठेवून दाखवावा. रेघ बुटाबाहेर गेली, की पाय रोज किती दबला जातो हे मुलांना न सांगताच कळेल. घरच्या आईबापांच्या पावलांची रेघही त्यांनी काढून आणावी.

आणि शेतकरी बंधुभगिनींनो, बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर राबून पाय थोडा फुगलेला असतो, तेच त्याचे खरे माप. कामाला घालता तेच मोजे घाला. बसून नव्हे, उभे राहून बघा; वैरणीचा भारा डोक्यावर आहे असे समजून एका पायावर भार द्या. पुढे अंगठाभर जागा आहे ना, टाच उचलत नाही ना, तळाच्या खाचा खोल आहेत ना, एवढे पाहा. ‘वापरले की सैल होतील’ असे दुकानदार म्हणाला, तर हसून खाली ठेवा. बूट पायात जायचा आहे, गळ्यात नव्हे.