पकडणं सोपं, सोडणं अवघड

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी बाबांची वीस वर्षं जुनी गाडी घेऊन घरी आलो आणि पार्किंगमध्ये जळका वास आला. पुढचं डावं चाक इतकं तापलं होतं की रिमजवळ हात नेववेना. उजवं मात्र जेमतेम कोमट. "तरीच हल्ली ॲव्हरेज पडलंय," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आणि आई हीच गाडी घेऊन पाचगणीला जाणार होते. म्हणजे परतीला पसरणी घाटाचा उतार!

जाणं रद्द. बाबा घुश्शात. आणि माझ्या डोक्यात एक बावळट प्रश्न: पेडल दाबलं की डिस्क ब्रेक लागतो हे ठीक, पण पाय काढल्यावर तो सुटतो कसा?

तर मंडळी, थोडा इतिहास. चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, ही कल्पना बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरची. पेटंट १९०२ चं. पण धातूवर धातू घासून ब्रेक भयंकर किंचाळायचा. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मोटारींवर राज्य होतं ते ड्रम ब्रेकचंच. ड्रम म्हणजे बंद डबा. आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि सारखा ब्रेक मारला की पकड ढिली पडते. आपल्याकडच्या ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनी कित्येक वर्षं याच ड्रमच्या भरवशावर घाट उतरत होत्या.

१९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीने सरासरी ताशी १६० किलोमीटरच्या वर वेग राखला. त्या शर्यतीत असं प्रथमच घडलं. वेगात येऊन उशिरा ब्रेक मारायचा आणि तरी वळण घ्यायचं, ही चैन त्यांना डिस्कने दिली. १९५५ मध्ये मर्सिडीजने ड्रमच्या मदतीला चक्क गाडीच्या पाठीवर वाऱ्याला अडवणारं मोठं झाकण बसवलं! त्याच वर्षी आलेल्या सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक रोजच्या वापरातल्या गाडीत आणले.

हा झाला पकडण्याचा इतिहास. सोडण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ड्रममध्ये शू मागे खेचायला ठसठशीत स्प्रिंगा असतात. डनलॉपच्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घ्यायला वेगळी पिन असे. पुढे हे काम पिस्टनभोवतीच्या चौकोनी छेदाच्या रबरी रिंगवर आलं. दाब आला की ती किंचित मुरडते, दाब गेला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. बस्स, एवढंच! शिवाय बहुतेक साध्या गाड्यांत अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या अडकल्या की पॅड चकतीला घासतच राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉक घेतला, पण सोडलाच नाही.

ओळखीच्या मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका) आणि चाक हाताने फिरवलं. जड. मग ब्लीडर निपल सैल केला. यावर चाक मोकळं झालं असतं तर दाब आत कोंडलाय, म्हणजे रबरी होज किंवा मास्टर सिलिंडर बघायचा. झालं नाही. म्हणजे पिस्टन किंवा पिन. निघाली पिन! मागच्या वेळी कुणीतरी तिला साधं ग्रीस लावलं होतं. त्याने रबर फुगून पिन जाम झाली होती. पिन, रबर बदलले, सिलिकॉन ग्रीस लावलं. पिस्टन सुरळीत सरकत होता.

फ्लुइडही बदललं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. घासत्या ब्रेकने उतारावर ते उकळलं असतं, तर वाफ दाबली जाऊन पेडल थेट तळाला गेलं असतं. हे मी आईसमोर बोललो नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. परतताना वाईत गाडी थांबवली. बाबा उतरून दोन्ही चाकांजवळ हात धरून आले.

"सारखीच गरम आहेत," म्हणाले. "चल, चहा घेऊ."