चिठ्ठी सगळ्यांना सारखी? : 'द हंगर गेम्स' इतिहासाच्या नजरेने वाचताना

कादंबरी इतिहासाचा पुरावा होऊ शकते का? संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारणारच. उत्तर 'हो' आहे. पण कशाचा पुरावा, हे आधी ठरवावं लागतं. सुझान कॉलिन्स यांची २००८ची 'द हंगर गेम्स' घेऊन बघू.

पॅनेम देशात श्रीमंत कॅपिटल आणि तिच्या ताब्यातले १२ जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठीने निवडतात. रिंगणात २४ जण, जिवंत राहायचं एकाने. चिठ्ठी म्हणजे धोका सगळ्यांना सारखा, असं वाटतं ना? इथे थांबा. गरीब मुलाने धान्य-तेल घेतलं की त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात आणि दरवर्षी साठत जातात. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या आहेत, गेलच्या ४२. नियम एकच, पण भुकेल्याला महाग.

आता इतिहास. १ डिसेंबर १९६९ला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीसाठी ३६६ जन्मतारखांची सोडत काढली. कॅप्सूल नीट मिसळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांना जास्त फटका बसला. शिवाय कॉलेजात शिकणाऱ्यांना तेव्हा सवलत मिळत होतीच. कॉलिन्स यांचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आले होते.

मग कादंबरीतली चिठ्ठी या सोडतीवरून आली, असं लिहायचं? मोह होतो, पण लिहू नका. लेखिकेने स्वतः सांगितलेली प्रेरणा वेगळी आहे: थिसियसची ग्रीक कथा, आणि टीव्हीवर चॅनेल बदलताना एकापाठोपाठ दिसलेले रिअॅलिटी शो आणि इराक युद्ध. साम्य सापडलं म्हणजे उगम सापडला असं नाही. दोन्हीकडे 'सारखी' दिसणारी सोडत विषमता कशी झाकते, एवढी तुलना मात्र तुम्ही हक्काने करू शकता.

तिसरा धागा वाचकांचा. २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोकांनी या कथेतला तीन बोटांचा सलाम निषेध म्हणून वापरला, त्यासाठी काहींना ताब्यात घेतलं गेलं. २०२१मध्ये तोच सलाम म्यानमारच्या रस्त्यांवर दिसला. तो पुस्तकातून पोचला की २०१२पासूनच्या सिनेमांतून? हा झाला संशोधनाचा प्रश्न.

तेव्हा आराखडा लिहिताना तीन रकाने करा: लेखिका काय सांगते, मजकुरात काय आहे, लोकांनी त्याचं काय केलं. एका रकान्यातला पुरावा दुसऱ्यात ढकलू नका.