शस्त्र, स्वसंरक्षण आणि मतपेटी

अमेरिकेतील निवडणुकांचे वृत्तांत वाचताना आपल्याकडील सुशिक्षित वाचकासही एक कोडे पडते. कर, महागाई, युद्ध आणि तह हे विषय कोणत्याही देशाच्या निवडणुकीत असावयाचेच. परंतु नागरिकाने घरात बंदूक बाळगावी की नाही, आणि अंगावर चालून आलेल्या माणसावर ती केव्हा झाडावी, या प्रश्नांवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे भवितव्य हेलकावे खावे, हे आम्हांस विलक्षण वाटते. ‘हे त्या लोकांचे वेड आहे’ असे म्हणून विषय झटकून टाकणे सोपे आहे. पण वेड म्हटल्याने कशाचाच उलगडा होत नाही. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्यात दोन निरनिराळे धागे एकत्र पिळले गेले आहेत. एक धागा राज्यघटनेचा, दुसरा फौजदारी कायद्याचा. ते सुटे करून पाहिल्यावाचून गाठ कोठे बसली ते कळणार नाही.

प्रथम घटनेचा धागा घेऊ. इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने प्रॉटेस्टंट प्रजाजनांस, आपापल्या स्थितीस शोभेल असे आणि कायद्याने अनुज्ञा दिलेले शस्त्र स्वसंरक्षणार्थ बाळगण्याचा हक्क मान्य केला. अमेरिकन वसाहतींनी हा वारसा बरोबर नेला आणि १७९१ मध्ये आपल्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत त्याला नवे रूप दिले. त्या दुरुस्तीचे वाक्य एकच, पण त्याचे भाग दोन. पहिल्या भागात म्हटले आहे की, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की, शस्त्र बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कास बाध येऊ नये. पहिला भाग ही दुसऱ्याची अट मानावयाची की केवळ प्रस्तावना, हाच सगळा वाद. १९३९ मध्ये मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नळी कापलेल्या बंदुकीस संरक्षण नाकारले. तिचा नागरी सेनेशी काही संबंध असल्याचे दिसत नाही, हे त्याचे कारण. त्यानंतर जवळजवळ ७० वर्षे बहुतेक खालच्या न्यायालयांनी या दुरुस्तीकडे त्याच दृष्टीने पाहिले.

दुसरा धागा स्वसंरक्षणाच्या कायद्याचा. इंग्रजी रूढ कायद्याची शिकवण अशी की, भांडणात सापडलेल्या माणसाने दुसऱ्याचा जीव घेण्यापूर्वी शक्य तितके मागे हटावे, पाठ भिंतीला टेकेपर्यंत हटावे. अपवाद फक्त स्वतःच्या घराचा. मनुष्याचे घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व १६०४ च्या सेमेन खटल्यात स्पष्टपणे मांडले गेले. अटलांटिक ओलांडल्यावर मात्र हे माघारीचे कर्तव्य अमेरिकन मनाला रुचेना. १८७६ मध्ये ओहायोच्या आणि १८७७ मध्ये इंडियानाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याची काही चूक नाही अशा माणसाने हल्लेखोरापुढे पळ काढण्याचे कारण नाही. १९२१ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी त्यास मर्यादित पण मार्मिक पाठिंबा दिला. समोर सुरा उगारलेला असताना माणसाकडून शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आपल्या कायद्याचे मूळही त्याच इंग्रजी झाडाला आहे. पण फांदी निराळी वाढली. १८६० च्या दंडसंहितेने खासगी संरक्षणाचा हक्क दिला, पण सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास वेळ असेल तर तो हक्क नाही, असे कुंपणही घातले. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कुंपण कायम आहे. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून तक्रार केली खरी. परंतु स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्याचे तत्त्व ठेवलेच. आपल्याकडे शस्त्र ही परवान्याची बाब राहिली, तिकडे ती हक्काची बाब झाली.

पण हा हक्क कोणाचा? इतिहासाचा खरा कस येथे लागतो. यादवी युद्ध संपताच, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या लोकांस परवान्याविना बंदूक बाळगण्यास मनाई केली. रात्री झुंडी दारावर येत, आणि दार राखण्याचे साधन मात्र कायद्याने काढून घेतले जाई. म्हणूनच १८९२ मध्ये आयडा वेल्स या निर्भय पत्रकार बाईंनी प्रत्येक काळ्या कुटुंबाच्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, असे लिहिले. पुढे १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथर पक्षाचे सशस्त्र तरुण कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यास बंदी घालणारे विधेयक तेथे त्याआधीच आलेले होते. ते त्याच वर्षी संमत झाले आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. बंदूकधारकांचा कैवार आणि रिपब्लिकन पक्ष यांची आजची जोडी जन्मजात नाही, हे यावरून ध्यानी यावे.

ही जोडी जमली ती पुढच्या दशकात. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था १८७१ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली, ती नेमबाजी सुधारण्यासाठी. केनेडी यांचा १९६३ मध्ये टपालाने मागविलेल्या रायफलीने खून झाला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी मारले गेले. त्याच वर्षी जॉन्सन यांनी बंदुकांच्या टपाली विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. संस्थेचे तत्कालीन धुरीण शिकार आणि नेमबाजीकडे वळू पाहत होते. परंतु १९७७ च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सभासदांनी बंड करून त्यांना पायउतार केले आणि संस्थेला राजकारणाच्या आखाड्यात उतरविले. १९८० मध्ये तिने प्रथमच राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवारास पाठिंबा दिला. तो उमेदवार होता रेगन.

तिचे सामर्थ्य पैशापेक्षा मतदारांच्या निष्ठेत होते, आणि ही गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. निर्बंध हवेत असे म्हणणाऱ्या पुष्कळांना आणखी दहा गोष्टी हव्या असतात. बंदूकधारकांतील एक वर्ग मात्र याच एका प्रश्नावर मत देतो. बहुसंख्यांचे कोमट मत आणि अल्पसंख्यांचे धगधगते मत यांच्या झुंजीत मतपेटी दुसऱ्याला झुकते माप देते. १९९३ मध्ये खरेदीदाराची चौकशी बंधनकारक करणारा ब्रेडी कायदा झाला आणि १९९४ मध्ये लष्करी धाटणीच्या काही बंदुकांवर १० वर्षांची बंदी आली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातील ५४ जागा आणि ४० वर्षांचे बहुमत गमावले. सभापती टॉम फोली स्वतः पडले; पदावरील सभापतीचा असा पराभव १८६२ नंतर प्रथमच झाला. या पराभवास इतरही कारणे होती. परंतु क्लिंटन यांनी त्याचा मोठा वाटा या बंदीकडे दिला, आणि राजकारणात पुढाऱ्यांची समजूत हेच पुष्कळदा कारण बनते. २००० मध्ये गोर आपले टेनेसी राज्यही हरले, तेव्हा ही समजूत पक्की झाली. २००४ मध्ये बंदीची मुदत संपली, ती वाढविली गेली नाही.

२००५ मध्ये फ्लोरिडाने कायदा करून कायदेशीर रीतीने जेथे उभे आहात तेथून मागे हटण्याचे बंधन काढून टाकले. जीवघेण्या हल्ल्याची वाजवी भीती एवढे पुरेसे ठरले. पुष्कळ राज्यांनी हाच कित्ता गिरविला. दोन्ही धागे येथे एक झाले: शस्त्र जवळ बाळगण्याचा हक्क, आणि ते वापरताना माघार न घेण्याचा हक्क. २०१२ मध्ये त्याच राज्यातील सॅनफर्ड गावी १७ वर्षांचा एक निःशस्त्र काळा मुलगा गोळीने मारला गेला आणि २०१३ मध्ये गोळी झाडणारा निर्दोष सुटला, तेव्हा १८६५ चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ‘वाजवी भीती’ कोणाची, आणि कोणाविषयीची?

न्यायालयानेही दिशा बदलली. २००८ मध्ये हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरले की, घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, नागरी सेनेशी संबंध असो वा नसो. २०१० मध्ये तो राज्यांवर बंधनकारक झाला. २०२२ मध्ये तो घराबाहेरही पोचला. २०२४ मध्ये मात्र, कौटुंबिक हिंसेच्या मनाई हुकुमाखालील धोकादायक माणसाचे शस्त्र काढून घेता येते, असे त्याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितले. आता न्यायाधीश कोण नेमणार हाच निवडणुकीतला बंदुकीचा प्रश्न झाला आहे. २०२४ च्या प्रचारात निर्बंधांच्या पुरस्कर्त्या कमला हॅरिस यांनाही आपल्या घरी बंदूक आहे हे सांगावे लागले; आणि त्याच प्रचारात बटलर येथे ट्रंप यांच्या कानाला गोळी चाटून गेली.

स्वतःच्या जिवाचे रक्षण करणे हा मनुष्याचा हक्क होय, याविषयी आम्हांस शंका नाही. ज्यांच्या दारी पोलीस कधी मदतीला आला नाही, अशांना तो हक्क नाकारणाऱ्या कायद्याचा इतिहासही आपण पाहिला. परंतु प्रत्येक नागरिकाने आपला न्याय आपल्या कमरेला लटकवावा, असे म्हणताना त्याच्यासमोर उभा असणाराही नागरिकच आहे, याचा विसर पडतो. इंग्रजी कायद्याने माघार घ्यावयास सांगितले ते भेकडपणा शिकविण्यासाठी नव्हे. दोघांपैकी कोणाचाही जीव राजाच्या लेखी मोलाचा होता म्हणून. राजा गेला, लोकशाही आली. ते मोल कोणी राखावयाचे, याचा निवाडा अमेरिकन मतदार दर चार वर्षांनी करतो, आणि तो अद्याप पुरा झालेला नाही.