व्हॉल्व्ह ‘खुलतो’ म्हणजे नक्की काय होतं?

ऑफिसातल्या एका मित्राने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतलाय. दुकानदाराने सांगितलं, “शंभर तास वाजवा, मग आवाज खुलेल.” माल परत करायची मुदत सात दिवस. म्हणजे रोज चौदा तास गाणी!

तर मंडळी, व्हॉल्व्हच्या पोटात निकेलची बारीक नळी असते, तिच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियमचा लेप. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात. कारखान्यात हवा उपसताना हा लेप तापवून त्याचं ऑक्साइड करतात, उरलासुरला वायू शोषायला गेटर उडवतात (काचेवरचा चंदेरी डाग तोच), आणि मग व्हॉल्व्ह काही तास तिथेच चालवून ठेवतात. खरं मुरणं खोक्यात जायच्या आधीच झालेलं असतं. घरी पहिल्या काही तासांत करंट जरासा सरकतो, इतकंच. रोज स्विच लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आवाज स्थिरावतो ती गोष्ट वेगळी. पुढे हजारो तासांत लेप झिजतो, म्हणजे प्रवास उताराचाच!

आपल्याकडे मुंबई केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं, पण बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सचे रेडिओ व्हॉल्व्ह बनू लागले ते १९६१ मध्ये. मधल्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे रेडिओ केंद्राने नाशिकसह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम; ऐकून झालं की गावाने चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला.

आमच्या पेठसारख्या डोंगरी भागात वीज उशिराच पोचली. अशा वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीवरचे व्हॉल्व्ह संच असत. त्यांची १.४ व्होल्टची तार लगेच तापते, थांबावं लागत नाही. पण बॅटरी उतरली की आवाज आधी बारीक होतो, मग फाटतो, आणि एका क्षणी ऑसिलेटर बंद पडून स्टेशनच गायब! ऐन चर्चेच्या दिवशी असं झालं तर पुढचं सगळंच राहिलं.

विजेवरच्या जुन्या रेडिओत खरोखर ‘खुलणारा’ भाग एकच, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वर्षानुवर्षं पडून त्याचा आतला थर विरतो. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर तो पुन्हा धरतो आणि घरघर कमी होते. श्रेय मात्र व्हॉल्व्हला मिळतं. कागदी कपॅसिटरचं उलट आहे. तो गळायला लागला की शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब येतो, दहा मिनिटांत आवाज फाटतो, प्लेट लाल होते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढला की थेट प्लगात घालू नका. आधी जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घ्या. आत अडीचशे व्होल्ट असतात, स्वतः हात घालायचं धाडस नको.

मित्राला सांगितलंय, वीस मिनिटं तापव, ओळखीचं एकच गाणं पहिल्या आणि पाचव्या दिवशी त्याच व्हॉल्यूमवर ऐक. नाही आवडलं तर सहाव्या दिवशी खोकं परत.