आधी दर्या, मग किल्ला

दिवाळी जवळ आली की आपल्या बचत गटांत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरींचा हिशेब सुरू होतो आणि त्याच वेळी अंगणात पोरं चिखल कालवत असतात. आज मला त्या चिखलाविषयी बोलायचं आहे.

दिवाळीचा किल्ला आपण सगळ्यांनीच केला आहे. दगड-विटांचा ढीग रचायचा, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पसरायचं, वरून लाल माती थापायची, अळीव किंवा मोहरी पेरायची. शिखरावर सिंहासनात महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली गुहेत वाघ. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून झालं की पहिली पणती किल्ल्यावर. परदेशात मोठी माणसं असे लढाईचे देखावे वर्षभर खपून करतात आणि त्याला डायोरामा म्हणतात. आपल्याकडे तो दहा वर्षांचा पोरगा चार दिवसांत करतो, आणि आईच्या ओरड्यासकट करतो.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मालवणच्या किनाऱ्यावर राहून आपण दरवर्षी डोंगरी किल्ला करतो. खिडकीतून सिंधुदुर्ग दिसतो आणि अंगणात उभा राहतो प्रतापगड. पाठ्यपुस्तकातलं चित्र डोंगराचं, बाजारातले मावळे डोंगराचे, म्हणून आपलाही किल्ला डोंगराचा. ज्या किल्ल्यावरून १९८१ साली आपल्या जिल्ह्याला नाव मिळालं, तो कधी आपल्या अंगणात आलाच नाही.

गेल्या वर्षी हे ध्यानात यायला कारण घडलं. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. त्यानंतर एका दुकानदाराने आमच्या गटाला विचारलं, पर्यटकांसाठी सिंधुदुर्गाची प्रतिकृती करून द्याल का? आम्ही हो म्हटलं. गणपतीच्या मखराचं काम आम्हाला येतं, किल्ला काय अवघड, असं वाटलं.

पहिला किल्ला थर्माकोलचा केला आणि डब्यातला फवाऱ्याचा रंग मारला. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला, बुरूज होते तिथे खड्डे पडले. दुसरा शाडूचा केला. प्लायवुडच्या फळीवर निळा रंग, मध्ये तटबंदी, दाराशी भगवा झेंडा. आम्ही खूश. गटातल्या सर्वांत वयस्कर काकी, ज्यांची उभी हयात मासळीच्या टोपलीवर गेली, त्यांनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "किल्लो बरो झालो गो, पण दर्यो खंय?"

खरंच नव्हता. न्हाणीघराच्या फरशीसारखा सपाट निळा रंग होता. काकींनी मग एकेक मोजून दाखवलं. बेटाभोवतीचे खडक नाहीत. पद्मगड नाही. दांडीच्या बाजूचा किनारा नाही, म्हणजे मोरयाचा धोंडाही नाही. मला इतिहासात पदवी आहे, पण हा धडा मी त्या दिवशी शिकले.

मैत्रिणींनो, जरा १६६४ सालात जाऊ या. जंजिऱ्याचा सिद्दी हाती येत नव्हता, पोर्तुगीज आणि इंग्रज समुद्रावर आपलाच हुकूम चालवत होते. महाराजांना दक्षिण कोकणात आरमाराचं ठाणं हवं होतं आणि त्यांनी निवडलं मालवणसमोरचं कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्याशी पूजा झाली. त्या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आपण आजही बघतो. म्हणजे किल्ल्याची सुरुवात किनाऱ्यावर झाली, बेटावर नाही. बेट का निवडलं, तर भोवतीच्या खडकांसाठी. पाण्याखाली लपलेल्या या खडकांमुळे मोठं गलबत तटाला भिडू शकत नाही. वाट माहीत असलेला तांडेलच होडी आत नेतो. जवळ पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट आणि सर्जेकोट हे त्याचे सोबती. म्हणजे खडक आणि पाणी हीच पहिली तटबंदी, दगडाची भिंत दुसरी. आम्ही दुसरी केली होती आणि पहिली विसरलो होतो.

तेव्हा नव्याने बसलो, आणि पहिला प्रश्न आला मापाचा. किल्ला ४८ एकरांचा, तट सुमारे ३ किलोमीटर लांब, ३० फूट उंच, १२ फूट रुंद. बाजारातला मावळा असतो ४ इंचांचा. साडेपाच फुटांचा माणूस ४ इंच धरला तर त्या हिशेबाने तटाची उंची होते जवळजवळ २२ इंच, आणि लांबी १८० मीटर! एवढ्या किल्ल्याला शाळेचं पटांगण पुरणार नाही. गटातल्या मुलीने कॅल्क्युलेटरवर हे काढलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो, पण मला जरा चुटपुट लागली. आपण पोरांना एवढ्याशा ढिगावर एवढे थोर मावळे देतो, मग किल्ला केवढा प्रचंड होता हे त्यांना कळणार कसं?

आम्ही १ ला ६०० हे माप घेतलं. त्यात बेट अडीच-तीन फुटांच्या फळीवर बसतं, तट दीड सेंटिमीटर उंच होतो, आणि माणूस होतो तिळाएवढा. खरोखर तिळाएवढा. आम्ही पांढरे तीळच चिकटवले. किनारा मात्र त्या मापात मावेना, म्हणून मधलं पाणी आखडून घेतलं आणि फळीच्या कडेला तसं स्पष्ट लिहिलं.

हे माप माझ्या डोक्यातलं नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याच्या लूव्हवा नावाच्या मंत्र्याने १६६८ पासून राज्यातल्या तटबंदीच्या शहरांच्या अशा प्रतिकृती करवून घेतल्या, बहुतेक याच मापात. लाकूड, कागद, रेशीम, वाळू वापरून. पॅरिसला त्यांचं संग्रहालय आहे. त्यांत सैनिकांची गर्दी नाही. भर आहे जमिनीवर: शेत कुठे, दलदल कुठे, चढ कुठे, तोफ कुठून डागता येईल. राजवाड्यात बसून वेढ्याचा विचार करायचा म्हणून त्या केलेल्या. शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून जपून ठेवत. आता तारीख बघा. सिंधुदुर्ग पुरा झाला १६६७ साली, आणि तिकडे हे काम सुरू झालं १६६८ ला. तिकडचा राजा जमीन टेबलावर आणून बघत होता, आमचा राजा खडकावर उभा राहून.

पुढचा प्रश्न, किल्ला कोणत्या सालचा करायचा? हा प्रश्न आपण दिवाळीत कधी विचारतच नाही. १६६७ चा करायचा तर सिंहासनावरचे महाराज ठेवता येत नाहीत, कारण राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला, रायगडावर. शिवराजेश्वराचं देऊळही ठेवता येत नाही, ते पुढे राजाराम महाराजांच्या काळात झालं. शिवाय ती तीन वर्षं साधीसुधी नव्हती. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ च्या उन्हाळ्यात महाराज स्वतः आग्र्याला कैदेत होते. आणि इकडे मालवणात दगडावर दगड चढतच होता. राजा कैदेत असताना तट बांधत राहिलेल्या माणसांचा मावळा कुठल्या बाजारात मिळत नाही. पाथरवट, लोहार, चुन्याची घाणी चालवणारे, घमेली वाहणारे. आमच्या तिळांतले निम्मे तरी तेच आहेत असं आम्ही ठरवून टाकलं. होडीजवळचे चार तीळ आपल्या कोळणी, हे काकींनी ठरवलं.

शेवटी मत पडलं आजचा किल्ला करायचा, देवळासकट. पण आजचा म्हणजे साडेतीनशेहून जास्त पावसाळे खाल्लेला. तो नवाकोरा दिसून चालणार नाही.

इथे आमची मोठी फजिती झाली. किनाऱ्यासाठी आम्ही समोरच्याच पुळणीवरची रेव आणून गोंदावर भुरभुरली. दिसली झकास. आषाढात आठ दिवस संततधार लागली आणि सकाळी बघतो तर रेवेवर पांढरी बुरशीसारखी पूड, रंग पापुद्र्यांनी सुटलेला, फळी एका कोपऱ्यातून वर उचललेली. काकींनी बोटाने पूड उचलून जिभेला लावली. "मीठ. रेव गोड्या पाण्यान धुतलंस काय गो?" मी धुतली नव्हती.

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, वाळलं की त्याचे खडे होतात, ते फुगतात आणि वरचा थर ढकलतात. आमच्या फळीवर आठ दिवसांत झालं तेच दगडाच्या बारीक छिद्रांत शतकानुशतकं चालतं. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर हे डोळ्यांनी दिसतं. तोही महाराजांनीच बांधवलेला. तिथे तटाचे दगड झिजून आत गेले आहेत आणि सांध्यांमधला चुना मात्र जाळीसारखा तसाच बाहेर उभा आहे. दगडापेक्षा चुना टिकला! घाणीवर तो चुना मळणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. ती माणसं मिठाला किती ओळखून होती, हे मला पुस्तकात नाही, त्या उखडलेल्या रंगात कळलं.

मग तिसऱ्यांदा केला तो असा, लिहून घ्यायचं तर घ्या. प्लायवूडला आधी दोन्ही बाजूंनी आणि कडांना व्हार्निश, नाहीतर आपल्या हवेत ते वाकणारच. रेव तीन पाण्यांत धुवायची, तव्यावर कोरडी भाजायची, मग चाळायची. खडकांसाठी जांभ्याच्या कपच्या उत्तम. त्याला मुळातच भोकं असतात, त्यामुळे बोटभर कपची मोठ्या खडकासारखी दिसते. दर्यासाठी रंग देण्याआधी फळीवर पातळ टिश्यू कागद फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून पसरायचा आणि ओला असतानाच बोटांनी चुणायचा. त्या चुण्या म्हणजे लाटा. किनाऱ्याशी हिरवट, खोल पाण्यात गडद, खडकाशी जरासा पांढरा फेस. सुकल्यावर वरून व्हार्निशचे दोन-तीन हात.

तट मात्र सावकाश. आधी सगळीकडे दगडाचा रंग. मग काळ्या-तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो अंगावर सोडायचा, फटींत जाऊन बसतो. वर राहिलेला कापडाने टिपायचा. सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग फक्त कडांवरून ओढायचा. एवढ्याने भिंत जुनी दिसते, पण ती कुठलीही जुनी भिंत. सिंधुदुर्गाची व्हायला भरती-ओहोटी लागते. अगदी खाली शेवाळाचा काळा-हिरवा पट्टा, त्यावर कालवं चिकटतात तशी पांढरट ठिपक्यांची रेघ, त्याच्या वर लाटांनी धुतलेला उघडा दगड, आणि सर्वांत वर पावसाच्या पाण्याने ओघळलेले काळे डाग. पश्चिमेचा तट जास्त झिजलेला दाखवायचा, कारण पावसाळ्याचं वादळ त्या अंगाने येतं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दर्या तटाशी झुंजत असतो तेव्हा बघायला पर्यटक नसतो, आत राहणारी थोडी घरं आणि किनाऱ्यावरचे आपण, एवढेच साक्षीदार.

दुकानदाराने तो किल्ला बघितला आणि म्हणाला, रंग उडाल्यासारखा वाटतो, चकचकीत करून द्या, झेंडा मोठा करा, महाराज वर बसवा. गटाची बैठक झाली. आवाज चढले. कुणी म्हणालं इतिहास, कुणी म्हणालं हप्ता. शेवटी दोन किल्ले त्याच्या मनासारखे करून दिले, कारण हप्ता खरा होता. तिसरा आम्ही विकला नाही. तो शाळेला दिला.

तिथे मुलांनी तो आधी दोन मिनिटं नुसता बघितला. मग एकाने विचारलं, महाराज कुठे आहेत? बाईंनी त्याला दाराशी नेलं. दार दिसतच नाही, दोन बुरुजांच्या आड वळून जावं लागतं, गोमुखी म्हणतात त्याला. पोराने खाली वाकून, एक डोळा मिटून, होडीतून बघावं तसं बघितलं आणि ओरडला, "दार सापडलं!" मग रांगच लागली. महाराजांचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

या दिवाळीत अंगणात करणार असाल तर फळीही नको. परातीएवढी जागा सपाट करा, भोवती राखेचं नाहीतर निळ्या रांगोळीचं पाणी, जांभ्याच्या कपच्या पेरा, एका कडेला किनारा आणि त्यावर मोरयाचा धोंडा म्हणून एक गोटा ठेवा. आणि मोहरी पेराच. आमच्या मापात १ इंचाचा कोंब म्हणजे बरोबर ५० फुटांचा माड. वसुबारसेला पेरलीत तर पाडव्यापर्यंत माड होतील. भाऊबीजेला ते त्याहून उंच जायला लागले की कात्रीने शेंडे कापायचे.